बारावी आखातात, कॉलेज इकडे: प्रवेशाची तयारी कुठून आणि कशी करायची

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या प्रवेश खिडकीवर एक कुटुंब हमखास दिसतं. आदल्या रात्री मस्कतहून किंवा दोह्याहून उतरलेलं. मुलीच्या हातात जाड फाइल, बारावीला नव्वदच्या वर टक्के, सोबत नेरूळचे आजोबा. खिडकीतून विचारणा होते, "आई किंवा वडिलांचं डोमिसाइल?" फाइलमध्ये पोहण्याच्या स्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा असतं, पण तो एक कागद नसतो.

त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी नऊ वर्षं बसले. आता निवृत्त आहे, पण ओळखीपाळखीतून फोन अजून येतात आणि चुका त्याच असतात. जवळजवळ प्रत्येक घर कॉलेजपासून सुरुवात करतं: कुठलं चांगलं, कटऑफ किती, हॉस्टेल आहे का. कुठल्या दारातून आत जायचं हे मात्र मुलाचा पासपोर्ट, त्याचं बोर्ड आणि आई-वडिलांचे इथले कागद ठरवतात. म्हणून कॉलेजांची यादी बाजूला ठेवा आणि पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. हे काम दहावीच्या सुट्टीत सुरू झालं तर उत्तम. बारावीच्या दिवाळीनंतर सुरू केलंत तर धावपळ अटळ आहे.

## टप्पा १: मूल कागदावर कोण आहे, ते एका पानावर लिहा

खरंच एक कोरा कागद घ्या आणि पाच ओळी लिहा.

१. मुलाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा? ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असेल तर ते कुठल्या तारखेचं?
२. दहावी, अकरावी आणि बारावी कुठल्या देशात, कुठल्या बोर्डातून?
३. आई किंवा वडील सध्या कुठल्या देशात नोकरीला आहेत, कुठल्या व्हिसावर?
४. आई-वडिलांपैकी कोणाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला, म्हणजेच डोमिसाइल, आहे?
५. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता कुठला आहे?

आता या ओळींचा अर्थ.

सगळ्यात मोठा गोंधळ 'एनआरआय' या शब्दाचा. "आम्ही एनआरआय, म्हणजे आमच्या मुलाला एनआरआय कोट्यातूनच प्रवेश घ्यावा लागणार," असं समजून लाखोंची फी भरायला तयार झालेली घरं मी पाहिली आहेत. असा कुठलाही नियम नाही. मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे ते भारताचं नागरिक आहे, आणि पात्रतेच्या बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर सर्वसाधारण जागेवर, सर्वसाधारण फीमध्ये, गुणवत्तेवर अर्ज करू शकतं. एनआरआय कोटा हे एक जादा दार आहे, सक्ती नाही.

अभियांत्रिकीसाठी राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, महाराष्ट्राच्या उमेदवारांचे प्रकार पाडलेले असतात. 'टाइप ए' म्हणजे ढोबळमानाने दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेली मुलं. आपलं मूल त्यात बसत नाही. 'टाइप बी' मात्र बरोबर आपल्यासाठी आहे: शिक्षण बाहेर झालं असलं, तरी स्वतः उमेदवाराकडे किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर ते मूल महाराष्ट्राचं उमेदवार धरलं जातं. खिडकीवरचा तो प्रश्न याचसाठी असतो. दाखला नसेल तर तेच मूल राज्याबाहेरचं ठरतं.

वैद्यकीयला हाच हिशेब लावू नका. इथे अनेक घरं फसतात. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला पुरत नाही, दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. म्हणजे ठाण्याच्या घरातलं मूल बारावी कुवेतमध्ये करत असेल, तर कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातल्या राज्य कोट्याच्या जागेवर त्याचा हक्क सांगता येत नाही. त्याच्यापुढे उरतात सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठं, आणि खाजगी कॉलेजांतल्या संस्था पातळीवरच्या व एनआरआय जागा. राज्य कोटाच हवा असेल, तर मुलाला शिकायला इकडे आणायचं की नाही हा निर्णय दहावीच्या आधीचा आहे. बारावीच्या निकालानंतर तो दुरुस्त करता येत नाही.

एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांकडे दोन रस्ते जातात. एक नेहमीचा, जेईई मेन या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जोसामार्फत, म्हणजे या संस्थांच्या एकत्रित जागावाटपातून. दुसरा 'दासा', म्हणजे परदेशात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या थेट प्रवेशाची योजना. भारतीय नागरिकाला दासासाठी अकरावी आणि बारावी धरून किमान दोन वर्षं परदेशात शिकलेलं असावं लागतं, बारावीची परीक्षाही परदेशातूनच उत्तीर्ण झालेली असावी लागते. दासाची फी डॉलरमध्ये असते आणि बरीच जास्त असते. पण त्यातच 'सीआयडब्ल्यूजी' हा एक पोटप्रकार आहे: आखातात काम करणाऱ्या भारतीयांची मुलं. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन या देशांत नोकरीला असलेल्यांच्या मुलांना या प्रकारात शिकवणी फी भारतातल्या विद्यार्थ्यांच्या जवळपास लागते. आपल्याकडच्या बहुतेक घरांना हाच प्रकार लागू होतो, आणि फॉर्ममध्ये घाईत नुसतं 'एनआरआय' निवडून लोक तो घालवून बसतात.

थांबा, तपासा: जोसामध्ये एनआयटीच्या 'गृहराज्य' जागांसाठी परदेशातून बारावी झालेल्या भारतीय मुलाचं राज्य त्याच्या पासपोर्टवरच्या भारतातल्या कायम पत्त्यावरून ठरतं. दूतावासातून नूतनीकरण करताना अनेकजण सोयीसाठी शारजाचा किंवा दोह्याचा पत्ता घालतात. शेवटच्या पानावर घोडबंदर रोडचा किंवा ऐरोलीचा पत्ता नसेल, तर पुढच्या नूतनीकरणात तो घालून घ्या. महाराष्ट्रात एनआयटी एकच आहे, नागपूरची व्हीएनआयटी, आणि तिथे गृहराज्याच्या जागा हातच्या जाणं परवडत नाही.

ओसीआय कार्ड असलेल्यांनी कार्डाची तारीख पाहावी. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना प्रवेशाच्या बाबतीत वेगळं धरलं जाऊ लागलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की ती अधिसूचना त्या तारखेच्या आधी कार्ड मिळालेल्यांना लागू करता येणार नाही. म्हणून आधीचं कार्ड असेल तर मूळ कार्ड जपा. नूतनीकरण झालं असेल तर पहिल्या कार्डाची प्रतही फाइलमध्ये हवी.

## टप्पा २: अधिवास दाखला, आणि तो कुठल्या तहसीलमधून

'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र' असं त्याचं पूर्ण नाव. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रातून अर्ज करता येतो.

नवी मुंबईकरांची इथे पहिली चूक होते. नवी मुंबई हा एक जिल्हा नाही. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यातला, ठाणे तालुक्यातला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. खारघरच्या माणसाने ठाण्याच्या तहसीलकडे केलेला अर्ज परत येतो, आणि तोवर तीन आठवडे गेलेले असतात. बेलापूरच्या कोकण भवनातही हे काम होत नाही, तिथे विभागीय कार्यालयं आहेत.

दाखल्यासाठी महाराष्ट्रात सलग दहा वर्षं राहिल्याचे पुरावे लागतात. वडील पंधरा वर्षं दुबईत असतील तर ते आता कुठून आणायचे? इथे शांतपणे विचार करा:

- आधी घर शोधा. १९९० च्या दशकात वडिलांनी स्वतःच्या डिप्लोम्याच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी हा दाखला काढलेला असण्याची शक्यता मोठी आहे. आजीच्या लोखंडी कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो सापडल्याचं मी अनेकदा ऐकलं आहे.
- नाही सापडला तर आई आणि वडील, दोघांपैकी कोणाचे जुने पुरावे भक्कम आहेत ते पाहा. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं पत्र. दोघांपैकी एकाचा दाखला पुरतो.
- आईचा दाखला वापरायचा असेल तर तिचे कागद माहेरच्या नावाने असतात. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावंच लागतं. ते नसेल तर आधी ते काढा.

इशारा: 'जुलैमध्ये सुट्टीवर येऊ तेव्हा काढू' असं ठरवू नका. जुलैमध्ये सगळा जिल्हा दाखल्यांच्या रांगेत असतो. बारावीच्या आधीच्या हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या भेटीत हे काम उरका.

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर लागतं. जात पडताळणी समितीचं काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं. ते अकरावीतच सुरू करावं. परदेशी शाळेच्या दाखल्यावर जातीचा उल्लेखच नसतो, त्यामुळे वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हाच मुख्य आधार ठरतो.

## टप्पा ३: नाव एक करा

हा टप्पा किरकोळ वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात.

आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर त्यातली पहिली दोन एका रकान्यात जातात आणि आडनाव दुसऱ्यात. परदेशातली शाळा पासपोर्टवरून नाव उतरवते, कधी वडिलांचं नाव गाळते, कधी सगळं एका ओळीत लिहिते. मग बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. इथल्या अनेक फॉर्मवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, मग आईचं, असा क्रम असतो.

प्रवेशाच्या सगळ्या अर्जांत बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहायचं. म्हणजे दुरुस्ती करायची तर ती गुणपत्रिका छापली जाण्याआधी. सीबीएसईच्या शाळांत नववी आणि अकरावीत बोर्डाकडे नोंदणी जाते. त्या वेळी शाळा पालकांकडून तपशील तपासून घेते. तो कागद सही करून परत पाठवण्याआधी पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. आई-वडिलांची नावंही. वडिलांचं नाव एका ठिकाणी 'सुधीर' आणि दुसरीकडे आजोबांच्या नावासकट असेल, तरी पडताळणीत प्रश्न निघतो.

फरक राहूनच गेला असेल, तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लहान फरकाला ते बहुतेक ठिकाणी चालतं. आडनावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो.

तपासा: पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार. चारही टेबलावर ओळीने ठेवा. नाव, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना भारतात आल्यावर आधार काढता येतं, त्यासाठी १८२ दिवस राहण्याची अट आता नाही. आधारला जोडायला भारतातला मोबाइल नंबर घ्या आणि तो वर्षभर चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो.

## टप्पा ४: बोर्ड आणि समकक्षता

सीबीएसई किंवा आयएससी बोर्डाची शाळा परदेशात असली तरी बोर्ड भारतीयच आहे. त्याला समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. आयबी, केंब्रिज, एडेक्सेल किंवा अमेरिकी पद्धतीची शाळा असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं, म्हणजे एआययूचं, समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो.

खरी अडचण तारखांची असते. सीबीएसईचा निकाल मेच्या मध्यावर लागतो. आयबीच्या मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. केंब्रिजच्या जून सत्राचा ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर. मुंबई विद्यापीठाच्या पदवी कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या तोवर संपलेल्या असतात. शाळेने दिलेले अपेक्षित गुण काही खाजगी विद्यापीठं तात्पुरते धरतात, सरकारी प्रक्रियेत ते चालत नाहीत. ए-लेव्हलवाल्या मुलांना यावर एक उपाय आहे: काही विषय किंवा सगळेच विषय आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात देणं. हे अकरावीतच शाळेशी बोलून ठरवावं लागतं.

विषयांची निवडही आताच पाहा. परदेशी अभ्यासक्रमात मुलं भौतिकशास्त्र आणि गणित घेतात, रसायनशास्त्र सोडतात, वर अर्थशास्त्र घेतात. तिकडे ते चालतं. इकडे नीटसाठी, म्हणजे वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेसाठी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतातच. अभियांत्रिकीतही रसायनशास्त्र सोडल्यास अनेक शाखांची आणि कॉलेजांची दारं बंद होतात. बारावीत गेल्यावर विषय बदलता येत नाही.

## टप्पा ५: परीक्षा आणि त्यांचं केंद्र

इथे मी वेगाने जाते, कारण परीक्षांची माहिती सगळीकडे मिळते. चुका होतात त्या परीक्षेच्या ठिकाणाबाबत.

जेईई मेन: जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सत्रं, परदेशातही केंद्रं असतात. दासासाठीही हेच गुण लागतात. सॅट या अमेरिकी परीक्षेवर दासा मिळते ही जुनी माहिती आहे, ती विसरा.

नीट: साधारण मेमध्ये, वर्षातून एकदा. एमबीबीएसला कुठल्याही दारातून गेलात, एनआरआय कोट्यातूनही, तरी नीट हवीच. २०२४ मध्ये परदेशातली केंद्रं आधी वगळली गेली आणि मग १४ शहरांत परत दिली गेली, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची शहरांची यादी पाहूनच भरा. पेपर भारतीय वेळेने दुपारी २ ला सुरू होतो, म्हणजे दुबई-मस्कतमध्ये साडेबाराला, दोहा-रियाधमध्ये साडेअकराला.

एमएचटी-सीईटी: ही राज्य सीईटी कक्षाची अभियांत्रिकीसाठीची परीक्षा, आणि तिला परदेशात केंद्र नाही. ती द्यायची तर मुलाला इकडे यावंच लागतं. एप्रिल-मे हा तिचा काळ. अर्जात केंद्र म्हणून ठाणे किंवा नवी मुंबई निवडा, आजी-आजोबांच्या घराजवळचं. प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतात, अकरावीचे सुमारे २० टक्के आणि बारावीचे ८० टक्के. सीबीएसईच्या मुलाने राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं एकदा तरी चाळलेली हवीत, बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये.

सीयूईटी: दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी. मुंबई विद्यापीठाच्या नेहमीच्या बीए, बीकॉम, बीएस्सीला ती लागत नाही.

बीबीए, बीएमएस, बीसीए: २०२४ पासून या अभ्यासक्रमांना राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. "बीएमएस म्हणजे बारावीच्या टक्क्यांवर" या समजुतीत राहून आलेल्या मुलांना त्या वर्षी परत जाताना पाहिलं, फार वाईट वाटलं. काही कॉलेजांनी नाव बदलून तसाच अभ्यासक्रम बीकॉमच्या अंगाने सुरू केला आहे, त्याला ही सीईटी लागत नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रमाचं नेमकं नाव वाचा.

इशारा, घड्याळाचा: अर्जाची शेवटची वेळ भारतीय असते. रात्री ११:५० म्हणजे दुबई-मस्कतमध्ये १०:२०, दोहा, कुवेत, बहरीन आणि रियाधमध्ये ९:२०. परदेशी कार्डावरून फी अडकण्याचं प्रमाण मोठं आहे. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, भारतातल्या बँक खात्यातून, चार दिवस आधी भरा.

## टप्पा ६: परदेशी कागदांवर शिक्के

सीबीएसईची गुणपत्रिका आणि मायग्रेशन प्रमाणपत्र हे भारतीय बोर्डाचे कागद आहेत. ते डिजीलॉकरवर मिळतात, त्यांना परदेशी शिक्का लागत नाही. पण शाळा सोडल्याचा दाखला, तिकडचे लोक ज्याला टीसी म्हणतात, तो परदेशी शाळेचा असतो. त्याला प्रमाणीकरण हवं. आयबी-केंब्रिजवाल्यांना गुणपत्रिकेचंही.

ओमान, बहरीन आणि सौदी हे देश अपोस्टीलच्या, म्हणजे करारातल्या देशांत चालणाऱ्या एकाच शिक्क्याच्या, हेग करारात आहेत, तिथे एका अपोस्टीलवर काम होतं. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतमधून लांबची वाट धरावी लागते: शाळा, तिथलं शिक्षण खातं, तिथलं परराष्ट्र मंत्रालय, मग भारतीय दूतावास. क्रम चुकला तर पुढचं कार्यालय कागद परत करतं.

हे विसरू नका: देश सोडण्याआधी हे करायचं असतं. वडिलांची बदली झाली, घर रिकामं केलं, सगळे खारघरला आले आणि मग टीसीवर शिक्का नाही हे कळलं, तर कुरिअर आणि एजंट यांच्यात महिना जातो. शाळेकडे दाखल्याच्या दोन मूळ प्रती मागा.

याच वेळी, देश सोडण्याआधी, वडिलांच्या किंवा आईच्या कंपनीकडून नोकरीचं पत्र घ्या. पदनाम, किती वर्षांपासून, कुठल्या देशात, हे स्पष्ट हवं. व्हिसाच्या पानाची आणि तिथल्या रहिवासी ओळखपत्राची प्रत जोडा. सीआयडब्ल्यूजी आणि एनआरआय, दोन्हीसाठी हे लागतं.

## टप्पा ७: अर्ज, दारानुसार

अभियांत्रिकी, राज्य: सीईटीचा निकाल लागला की कॅपची नोंदणी सुरू होते. कागद तपासणीसाठी दोन पर्याय असतात: ई-तपासणी, किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष. मूल अजून परदेशात असेल तर ई-तपासणी निवडा. स्कॅन स्वच्छ हवं, फोनने तिरका काढलेला फोटो परत येतो. उमेदवाराचा प्रकार भरताना टप्पा १ चं पान समोर ठेवा. 'टाइप बी' न निवडता चुकून राज्याबाहेरचा प्रकार निवडला गेला, तर पर्याय क्रम भरण्याआधी त्याची दुरुस्ती मागा, नंतर ती होत नाही.

जागा लागल्यावर 'स्वीकारतो' आणि 'पुढच्या फेरीत चांगली मिळाली तर घेतो' यातला फरक मुलाला स्वतःला समजू द्या. वडील दोह्यातून, काका ठाण्यातून आणि मूल तिसरीकडून, असं तिघांनी एकच लॉगिन चालवलं की गोंधळ होतोच. लॉगिन एकाकडेच ठेवा.

दासा आणि जोसा: दोन्हीकडे अर्ज करता येतो. दोन्हीच्या तारखा एकमेकांत घुसतात, म्हणून भिंतीवर कॅलेंडर लावा.

वैद्यकीय: नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठं आहेत, त्यांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत होतात, राज्य सीईटी कक्षाकडून नाही. हातात त्यांचा कटऑफ आणि नोंदणी मात्र राज्याच्या पोर्टलवर, असं झालेलं मी पाहिलं आहे. अभिमत विद्यापीठातली एनआरआय जागा हवी असेल तर पहिल्या फेरीआधी समितीकडे 'भारतीय'वरून 'एनआरआय' असा बदल कागदांसह मागावा लागतो. त्यासाठी मोजके दिवस असतात. नात्यातल्या प्रायोजकाचं प्रतिज्ञापत्र, नातं दाखवणारे कागद, प्रायोजकाचा पासपोर्ट आणि व्हिसा हे सगळं आधी तयार नसेल तर ते दिवस पुरत नाहीत.

बीए, बीकॉम, बीएस्सी: सगळ्यात साधा वाटणारा आणि म्हणून सगळ्यात जास्त चुकणारा रस्ता. ठाण्याचं जोशी-बेडेकर किंवा बांदोडकर असो, की वाशी-नेरूळचं एखादं, इथे सगळ्यांना मिळून एकच केंद्रीय यादी नसते. आधी मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी, आणि मग हव्या त्या प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र अर्ज. फक्त विद्यापीठाची नोंदणी करून "यादीत नाव का नाही?" म्हणून विचारायला येणारे दरवर्षी असतात. नोंदणी सुरू होते आणि थोड्या दिवसांत पहिली यादी लागते. त्यामुळे मेच्या शेवटी निवांत सहलीला जाऊ नका. कॉलेजची अंतर्गत, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन जागांची वाटणी वेगळी असते. त्यातलं काय लागू होतं ते अर्ज भरण्याआधी वाचा.

## टप्पा ८: प्रत्यक्ष प्रवेश

यादीत नाव आलं की फी भरायला आणि मूळ कागद दाखवायला दोन-तीन दिवस असतात. मूल तोवर पोहोचणार नसेल, तर इथल्या नातेवाइकाच्या नावाने अधिकारपत्र तयार ठेवा, त्यावर आई किंवा वडिलांची सही आणि दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. कॉलेजला आधी फोन करून ते चालेल का हे विचारून घ्या. काका-मामांना नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवून चालत नाही.

मायग्रेशन किंवा समकक्षता प्रमाणपत्र हातात आलं नसेल, तर हमीपत्र लिहून तात्पुरता प्रवेश बहुतेक कॉलेजं देतात. हमीपत्रावरची तारीख मोबाइलमध्ये गजर लावून जपा. दुसऱ्या बोर्डातून आलेल्या मुलाची विद्यापीठाकडून पात्रता निश्चित व्हावी लागते, ती राहिली तर परीक्षेचा अर्ज अडतो, आणि हे मुलाला ऑक्टोबरमध्ये कळतं, वर्गात रुळल्यावर. प्रवेश झाल्या आठवड्यातच कार्यालयात जाऊन पात्रतेचा अर्ज भरल्याची पावती घ्या.

मूळ कागद कॉलेजकडे देण्याआधी प्रत्येकाच्या पाच स्वसाक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा. मूळ फाइल विमानात चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.